टेबल लॅम्प घरीच दुरुस्त करताय? आधी पिन काढा

आपल्याकडं लॅम्प खोलायला लोक वेळ शोधतात ती लाईट गेल्यावरची. करंट नाहीच तर घ्या उरकून, असं. हे अजिबात करू नका, लाईट काय सांगून येत नाही, आणि घरात इन्व्हर्टर असला तर तो बोर्ड चालूच असू शकतो.

लॅम्पचं बटन बंद केलं तरी भागत नाही बरं का. दोन पिनचा टॉप, म्हणजे प्लग, बोर्डात कसाही उलटासुलटा बसतो, त्यामुळं कधी कधी बटन फेजऐवजी (करंट येणारी तार) न्यूट्रल (परतीची तार) तोडतं, म्हणजे बल्ब बंद पण होल्डरमध्ये 230 व्होल्ट तसेच. म्हणून टॉप बोर्डातून काढायचा आणि आपल्या डोळ्यासमोर ठेवायचा, नाहीतर घरातलं कुणीतरी लेकरू येऊन लावून टाकतं. हात कोरडे पाहिजेत, आणि उन्हाळ्यात कूलरपाशी ओल्या फरशीवर बसून हे काम नको.

आधी बल्ब दुसऱ्या होल्डरला लावून बघा, बऱ्याचदा तोच गेलेला असतो. मग वायर. टॉपपाशी आणि लॅम्पच्या बुडाशी ती वाकून वाकून तुटते, कधी उंदीर कुरतडतात. काळी टेप गुंडाळून चालवण्यापेक्षा सरळ नवीन अख्खी वायर टाका. होल्डर जळून काळा पडला असेल किंवा आतल्या स्प्रिंगच्या पिना दबून बसल्या असतील तर होल्डरही बदला.

जोडताना तारा पिळून घ्या, स्क्रूखालून तारेचा एकही केस बाहेर नको. लॅम्पच्या आत वायरला एक गाठ मारा म्हणजे ओढ स्क्रूवर येत नाही. आट्यांचा होल्डर आणि तीन पिनचा टॉप असेल तर फेज मधल्या पत्तीला, न्यूट्रल आट्यांना.

बॉडी लोखंडी असेल तर तीन पिनचा टॉप आणि तीन तारांची वायरच घ्या, हिरवी तार बॉडीला घट्ट कसा. पण घराची अर्थिंगच कोरडी पडली असेल तर त्या हिरव्या तारेचा काय उपयोग? एप्रिल-मे मध्ये काळ्या रानाला भेगा पडतात तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत जा.

सगळं बंद करून झाकल्यावरच टॉप लावा, बॉडीला हात लावायच्या आधी टेस्टर लावा. टेस्टर पेटला की बोर्डाचं बटन बंद करून टॉप काढा. नाही पेटला तर तो टेस्टर चालू बोर्डात एकदा तपासून घ्या, बिघडलेला टेस्टर पण पेटत नाहीच की.

आत सर्किट असलेला एलईडी लॅम्प मात्र खोलू नका, टॉप काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो, तो मेकॅनिककडंच द्या.