बँकॉकमध्ये कॉन्डो घ्यायचाय? आधी पैशाचा रस्ता बघा

चोपड्या-रावेरकडचा माणूस शेत घेताना आधी सातबारा बघतो, मग विहिरीचं पाणी. तोच माणूस बँकॉकमध्ये स्विमिंग पूल आणि पस्तिसाव्या मजल्यावरून दिसणारी नदी बघून बुकिंगचे पैसे भरून मोकळा होतो. तिथेही सातबाऱ्यासारखेच दोन कागद आधी बघायचे असतात. एक, इमारतीत परदेशी माणसाच्या नावावर करायला जागा शिल्लक आहे असं पत्र. दुसरा, पैसा परदेशी चलनात बाहेरून आला याचा बँकेचा दाखला. यातला एक जरी नसला तरी खरेदी तुमच्या नावावर नोंदली जात नाही.

पहिल्याचं कारण कायद्यात आहे. थायलंडमध्ये परदेशी माणसाला साधारणपणे जमीन घेता येत नाही. कॉन्डो, म्हणजे अशा इमारतीतला फ्लॅट, मात्र १९७९च्या कॉन्डोमिनियम कायद्याखाली पूर्ण मालकीने घेता येतो, पण इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटांच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच. हा कोटा भरलाय की नाही, ते एजंटाला विचारू नका. इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयाकडून, म्हणजे आपल्या सोसायटीच्या ऑफिससारख्या ठिकाणाहून, ताजं लेखी पत्र मागा. कोटा संपला असेल तर एजंट हमखास दोन वाटा सुचवतो: भाडेपट्टा किंवा थाई माणसांना पुढे करून कंपनी. भाडेपट्टा एका वेळी ३० वर्षांपर्यंतच नोंदवता येतो. ‘३० अधिक ३० अधिक ३०’ यातले पुढचे आकडे नुसते आश्वासन. आणि नावापुरते थाई भागीदार उभे करणं बेकायदेशीर आहे. दोन्ही सोडून दुसरी इमारत बघावी.

आता पैसा. सगळ्यात जास्त व्यवहार इथेच अडकतात. भारतातून पाठवताना रक्कम डॉलरसारख्या परदेशी चलनातच गेली पाहिजे आणि तिचे बाट, म्हणजे थाई चलन, थायलंडच्या बँकेत झाले पाहिजेत. इथल्या शाखेने सोय म्हणून बाट करूनच पाठवले, तर ‘परदेशी चलन आलं’ हा पुरावाच उरत नाही. पाठवणाऱ्याचं नाव आणि खरेदीदाराचं नाव पासपोर्टप्रमाणे एकच हवं. थोरल्या भावाच्या खात्यातून पैसे गेले आणि फ्लॅट धाकट्याच्या नावावर, असं तिथे चालत नाही. स्विफ्ट संदेशात, म्हणजे पैशासोबत इथली बँक तिथल्या बँकेला पाठवते त्या निरोपात, पैसे कशासाठी ते स्पष्ट लिहा: कॉन्डो खरेदी, इमारतीचं नाव, फ्लॅट नंबर. ५० हजार डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेसाठी तिथली बँक एफईटी फॉर्म देते, हाच तो परदेशी चलन आल्याचा दाखला. त्याहून लहान हप्त्यांसाठी बँकेकडून वेगळं पत्र मागून घ्यावं लागतं. या कागदांची बेरीज फ्लॅटच्या किमतीइतकी तरी भरलीच पाहिजे. वाटेतल्या बँका आपापली फी कापतात, म्हणून थोडी जास्तच रक्कम पाठवा. बुकिंगची रक्कम तिथे रोखीने भरली तर तेवढाच तुकडा नेमका कमी पडतो.

तुम्ही बँकॉकमध्येच नोकरीला असाल तर आणखी एक गाठ आहे. कायमचा रहिवास नसेल, तर तिथल्या साध्या खात्यात बाटमध्ये साठलेला पगार या खरेदीला थेट चालत नाही. पैसा परदेशातूनच यावा लागतो. अशा वेळी एनआरई खात्यातली, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या भारतातल्या अनिवासी खात्यातली, बचत उपयोगी पडते, कारण ती बाहेर नेण्यावर रकमेची मर्यादा नाही.

भारतात राहणाऱ्याला आरबीआयची एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याची योजना लागू होते. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर, पॅन अनिवार्य. दोघा भावांची किंवा नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करायची असेल तर दोघंही खरेदीखतात मालक म्हणून हवेत. यासाठी बँक कर्ज देऊ शकत नाही. पाठवलेला पैसा १८० दिवसांत गुंतवला नाही तर परत आणावा लागतो, म्हणून ‘आधी पाठवू, मग बघू’ नको. वर्षभरात १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. १ कोटी १० लाख पाठवले तर २० लाख बाजूला. रिटर्न भरताना ते करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात. सौद्याचं गणित मांडतानाच ते धरा.

पैसा कुठून आला, हे बँक विचारतेच. शेतीचं उत्पन्न असेल तर सातबारा, केळी-कापसाच्या पट्ट्या आणि मागची रिटर्नं जुळवून ठेवा. जमीन विकून आलेल्या पैशासाठी खरेदीखत. तालुक्याच्या शाखेत परदेशी चलनाचं काम होतंच असं नाही. जळगाव-धुळ्याच्या मोठ्या शाखेत आधी विचारा. ‘हवाल्याने पटकन पोचवतो’ म्हणणारे भेटतात. गुन्हा तर आहेच, शिवाय त्या पैशाला एफईटी मिळत नाही, म्हणजे फ्लॅटही नावावर होत नाही.

खरेदीखताचा दिवस आपल्याकडच्यापेक्षा सुटसुटीत असतो. फ्लॅट ज्या भूमी कार्यालयाच्या हद्दीत आहे तिथे दोन्ही पक्ष येतात. पासपोर्ट, एफईटी, कोट्याचं पत्र आणि जुना फ्लॅट असेल तर मेंटेनन्स बाकी नसल्याचा दाखला लागतो. विकणाऱ्याच्या नावाचा बँकेचा चेक दिला की साधारण त्याच दिवशी मागे तुमचं नाव चढलेला मालकीचा कागद हातात पडतो. फेरफारासाठी तलाठ्याकडे चकरा नाहीत. स्वतः जाता येत नसेल तर भूमी कार्यालयाच्या ठरावीक नमुन्यातच मुखत्यारपत्र करा. ते प्रमाणित करून घ्यायला मुंबईत थायलंडचा वाणिज्य दूतावास आहे.

खर्च ४० लाख बाटच्या फ्लॅटवर बघू. हस्तांतर फी सरकारी मूल्यांकनाच्या २ टक्के. मूल्यांकन किमतीइतकंच धरलं तर ८० हजार, बहुधा निम्मी-निम्मी. विकणाऱ्याने पाच वर्षांच्या आत विकलं तर ३.३ टक्के विशेष व्यवसाय कर, १ लाख ३२ हजार. नसेल तर अर्धा टक्का मुद्रांक, २० हजार. शिवाय विकणाऱ्याचा प्राप्तिकर तिथेच कापला जातो. कोण काय भरणार ते सौदापावतीतच लिहून घ्या, नाहीतर काउंटरवर वाद होतो. नव्या इमारतीत चौरस मीटरच्या हिशोबाने एकदाच भरायचा राखीव निधी वेगळा.

फ्लॅट बघताना पश्चिमेची काच टाळा. भुसावळच्या मे महिन्यात वाढलेल्यांनाही तिथली दमट दुपार आणि एसीचं बिल जड जातं. २८ मार्च २०२५च्या म्यानमारच्या भूकंपाने बँकॉकच्या उंच इमारतींना भेगा पडल्या आणि एक बांधकामाधीन सरकारी इमारत कोसळली. म्हणून इमारतीचा तपासणी अहवाल मागा. ‘हमीचं भाडं’ म्हणणाऱ्या योजनेत ते भाडं बहुतेक वेळा किमतीतच मिसळलेलं असतं. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने फ्लॅट भाड्याने देणं हॉटेल परवान्याशिवाय चालत नाही, त्यामुळे पर्यटकांच्या जोरावर मांडलेला हिशोब खोडून टाका. आणि मालक झालात म्हणून तिथे राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. व्हिसा वेगळाच काढावा लागतो.

नंतर एफईटीच्या प्रती जपा. विकून पैसा बाहेर काढताना बँक त्याच मागते. भारतात रहिवासी असाल तर रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात फ्लॅट दरवर्षी दाखवा, भाडं आलं नाही तरीही. त्या तक्त्यातलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, एप्रिल ते मार्च नव्हे. सीए नवा असेल तर हे आवर्जून सांगा. तो रकाना कोरा राहिला तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.