गुणगौरव समारंभ राहू द्या, फाईल घेऊन बसा : गावाकडच्या पोरांना डिग्रीपर्यंत न्यायचं कसं

जून आला की गावोगावी गुणगौरव सुरू होतात, शाल, श्रीफळ, एक ट्रॉफी, अध्यक्षांचं पाऊण तास भाषण आणि शेवटी "खूप शिका, मोठे व्हा". शिकायचं कुठं, पैसे आणायचे कुठून, तहसीलला कोणत्या खिडकीवर उभं राहायचं हे मात्र कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्या पोरापोरींचं गाडं हुशारी कमी म्हणून क्वचितच अडतं, ते अडतं एखाद्या दाखल्यापायी नाहीतर पहिल्या सेमिस्टरच्या एकटेपणापायी. म्हणून तुम्ही शिकून नोकरीला लागलेले दादा-ताई असाल आणि आपल्या वस्तीसाठी काही करावंसं वाटत असेल, तर एक पोरगा किंवा पोरगी धरा आणि अकरावीपासून फर्स्ट इयरचा निकाल लागेपर्यंत सोडू नका. पन्नास जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून त्यात लिंका टाकत बसणं म्हणजे मदत नव्हे, स्पष्टच बोलतो.

सुरुवात कागदांपासून, आणि तीही बारावीच्या निकालानंतर नाही, अकरावीतच. जातीचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला हे आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून निघतात, हेलपाटे होतात पण निघतात. ओबीसी आणि व्हीजेएनटीवाल्यांना (विमुक्त जाती, भटक्या जमाती) नॉन क्रिमीलेयर, म्हणजे घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, पण लागतं, त्यावर मुदतीची तारीख असते आणि ती ३१ मार्चला संपते, तेव्हा "मागच्या वर्षी काढलंय की" ह्या भरवशावर राहू नका, काढून तारीख वाचा.

खरी गोम आहे व्हॅलिडिटीत. इंजिनीअरिंग, फार्मसी, मेडिकल असल्या कोर्सला राखीव जागेवर जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतंच, आणि त्यासाठी जुने पुरावे मागतात : एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, व्हीजेएनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. आता ज्याचा आजोबा शाळेतच गेला नाही त्यानं काय दाखवायचं? तर पहिलं काम, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे सख्खे काका, आत्या, चुलतभाऊ, कोणाची व्हॅलिडिटी निघालीय का ते शोधा, निघाली असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. जुनं जनरल रजिस्टर कपाटाच्या तळाला असतं, पानं हात लावला तरी तुटतात, पण त्यात आजोबा नाही तर आजोबांचा भाऊ सापडतो आणि नावापुढं जात लिहिलेली असते. नंतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची नक्कल काढा, म्हणजे जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी. मग नवीन भानगड, रजिस्टरला नाव रामा, सातबाऱ्यावर रामू, मतदार यादीत रामचंद्र. तिन्ही माणसं एकच असं प्रतिज्ञापत्र करा, वंशावळ त्याच कागदांशी जुळवून लिहा, स्पेलिंगसकट. आणि समजा काहीच जुनं सापडलं नाही तरी अर्ज करायचाच, कारण जात पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येऊन चौकशी करू शकतं, ती सोय त्यासाठीच आहे. एसटीच्या समित्या वेगळ्या असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर चुकीच्या ऑफिसात चकरा होतात.

बँकेचं एक बघून घ्या. आधार खात्याला लिंक असणं वेगळं आणि सीडिंग असणं वेगळं, सरकारी पैसे सीडिंग ज्या खात्याला आहे तिथंच जातात, आणि कित्येकदा ते खातं आईनं कधीतरी काढलेलं, बंद पडलेलं असतं. आधारच्या साईटवर स्टेटस दिसतं, दोन मिनिटांचं काम.

कॉलेज निवडताना पोराला फक्त एकच विचारू नका की काय व्हायचंय. त्याला डॉक्टर, इंजिनीअर, पोलीस, तलाठी एवढंच माहीत असतं कारण गावात तेवढंच दिसतं. बीए इकॉनॉमिक्स, लॉ, नर्सिंग, फॉरेस्ट्री, सोशल वर्क हे करून लोक काय कामं करतात ते करणाऱ्यांशी फोनवर बोलायला लावा. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा असते आणि ती मराठीतूनही देता येते हे मी सांगितलं की अजून लोकांच्या भुवया उंचावतात! यवतमाळमध्ये सुरू झालेली राजू केंद्रे यांची एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीच्या मुलांसाठी नेमकं ह्याच दिशेनं काम करते, तुमच्या पोराला तसं कुठं जोडता आलं तर जोडा.

इंजिनीअरिंगच्या कॅप राऊंडला, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीला, ऑप्शन फॉर्म भरताना शेजारी बसाच. पहिल्या राऊंडला पहिलाच ऑप्शन लागला तर तीच सीट घ्यावी लागते, पुढच्या राऊंडला बेटरमेंट, म्हणजे आणखी चांगल्या कॉलेजसाठी थांबणं, नाही. म्हणून एक नंबरला उगाच ऐकीव नाव टाकायचं नाही, जिथं राहायची सोय आहे, जिथं खरंच जायचंय तेच टाकायचं. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर तर अजिबात नको, तो दिवसाला शंभर फॉर्म भरतो आणि ओटीपी मोबाईल नंबर स्वतःचाच टाकून ठेवतो.

पैशाचं गणित घरच्यांसमोर कागदावर मांडा. फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, प्रवास असं वेगवेगळं. मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) किंवा ओबीसी असेल, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि कॅपमधून प्रोफेशनल कोर्सला लागली असेल तर २०२४ पासून ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण फी माफ म्हणजे सगळं फुकट नाही, बाकीच्या फी, डिपॉझिट, मेस राहतंच. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, एजंट काहीही सांगू दे. एससीच्या मुलांना भारत सरकार शिष्यवृत्ती, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, आणि तिचा हप्ता दोन ठिकाणांहून येतो, केंद्राचा ६० टक्के नि राज्याचा ४०. खात्यावर आलेल्या रकमेत कॉलेजची फी पण असते, ती पोहोचती करायची असते, हे न सांगितल्यामुळं पोरं मोबाईल घेऊन मोकळी होतात आणि नंतर कॉलेज रिझल्ट अडवतं. सरकारी वसतिगृहात नंबर नाही लागला तर एससी-नवबौद्धांना स्वाधार, एसटीला स्वयंम, ओबीसीला सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहराला वर्षाला ६०,००० मिळतात. फक्त हे पैसे ऑगस्टच्या मेसबिलाला येत नाहीत. त्यासाठी गावातल्या चारपाच नोकरदारांनी मिळून पहिल्या तीन महिन्यांची उचल द्यावी, हप्ता आला की परत घ्यावी, आणि ट्रॉफीचे पैसे इथं लावावेत.

मुलगी असेल तर हॉस्टेल आईला दाखवून आणा. वडील तयार होतात, आई म्हणते "एवढ्या लांब एकटी कशी ऱ्हाईल ती", आणि त्या एका वाक्यावर ॲडमिशन रद्द होते. खोली, वॉर्डनबाई, बसस्टॉप, त्याच भागातल्या दोन सीनियर मुली, एवढं तिनं डोळ्यांनी बघितलं की बहुतेक वेळा होकार येतो.

आता पहिलं सेमिस्टर. इथं सगळे हात झटकून मोकळे होतात आणि इथंच पोरं गळतात. लेक्चर इंग्रजीत, बारावीला ९० टक्के असलेला पोरगा मागच्या बाकावर गप्प, घरी सांगतो सगळं मस्त चाललंय. त्याला "अभ्यास कसा चाललाय" विचारून काही कळत नाही, "बरा" एवढंच येतं. नेमकं विचारा, फिजिक्सचं जर्नल सर्टिफाय झालं का, इंटर्नलला किती पडले, अटेंडन्स ७५ च्या वर आहे का, परीक्षेचा फॉर्म भरला का, जेवायला कोणासोबत बसतोस. शेवटचा प्रश्न फालतू वाटतो पण त्याचं उत्तर "एकटाच" आलं तर त्या आठवड्यात जाऊन भेटा. इंग्रजीसाठी क्लास लावून काही होत नाही, विषयाचे दोनशे-तीनशे शब्द वहीत मराठी अर्थासकट उतरवायचे आणि मागच्या वर्षांच्या पेपरांची उत्तरं लिहून सीनियरला दाखवायची, दिवाळीपर्यंत फरक पडतो. आर्ट्स-कॉमर्सला बऱ्याच विद्यापीठांत पेपर मराठीतून लिहिता येतो, चौकशी करा. एटीकेटी लागली, म्हणजे विषय मागे राहिले, तर आधी घरच्यांशी तुम्ही बोला, त्याला एकट्याला बापासमोर उभं करू नका.

रँक विचारायची, कॅटेगरी विचारायची, "तुमचं काय बाबा, फुकटात" असले टोमणे, हे होतं. सहन कर म्हणून सांगू नका, उठून भांड म्हणून पण नाही. तारीख, वेळ, कोण होतं ते लिहून ठेवायला सांगा, कॉलेजच्या समान संधी कक्षाकडं किंवा एससी-एसटी सेलकडं लेखी द्या, पोहोच घ्या. यूजीसीच्या नियमानं हे कक्ष असायलाच लागतात. रॅगिंगला १८००-१८०-५५२२, आणि पोरगं फारच खचलेलं वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन १४४१६, मराठीत बोलता येतं. दोन्ही नंबर त्याच्या मोबाईलमध्ये तुम्हीच सेव्ह करून द्या.

सेकंड इयरला महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, रिन्यूअलचा फॉर्म परत भरायचा असतो, तो आपोआप होत नाही. ह्यावेळी कीबोर्ड त्याच्या हातात द्या, तुम्ही फोनवर राहा. आणि सबमिट झालं म्हणजे संपलं नाही, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला कित्येक आठवडे पडून राहू शकतो, स्कॉलरशिपच्या क्लार्ककडं जाऊन "सर, माझा फॉर्म पुढं पाठवला का" विचारायला त्याला आताच शिकवा, कारण पुढची दोन वर्षं ते त्यालाच विचारायचंय.