रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या? या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोलीत माझी छोटी लॅब आहे. पंचवीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधतोय. हिमोग्लोबिनचा आकडा हातात पडला, की माणूस डॉक्टरकडे न जाता थेट औषधाच्या दुकानात. मग तीन महिन्यांनी माझ्याशी भांडायला हजर.

मध्यंतरी वाड्यावरच्या एक वहिनी आल्या. तीन महिने गोळ्या घेऊन आकडा ८.१ वरून ८.३! "काका, गोळ्याच खोट्या असतील." कधी घेता म्हणून विचारलं. "सकाळी भाजीपाव नि चहाबरोबर, म्हणजे विसरायला होत नाही." बोलण्यात वेळ न घालवता त्यांचीच फेरस सल्फेटची गोळी घेतली, वरचं रंगीत आवरण खरवडलं, कुटली आणि कोऱ्या चहात टाकली. थोड्या वेळात चहा दौतीतल्या शाईसारखा काळा. चहातलं टॅनिन लोहाला असं धरून बसतं, की आतड्याला ते उचलताच येत नाही. तेव्हापासून वहिनी अकरा वाजता लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी घेतात, चहा दोन तास लांब. दूध आणि कॅल्शियमची गोळीही लांबच. दीड महिन्यात १०.२. गोळी तीच, दुकानही तेच.

घाईवाले एकाऐवजी तीन गोळ्या गिळतात. लोह पोटात गेलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आतड्याचं दार साधारण दिवसभर ओढून घेतं. मग तुम्ही बाहेर रांग लावा नाहीतर दार ठोठवा. म्हणून तर काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. जास्तीच्या गोळ्यांनी फक्त पोट बिघडतं.

"बीट खातो, सोलकढी पितो, तरी रक्त कमी कसं?" रक्ताचा लाल रंग हीमचा: एक कडं आणि मधोमध लोहाचा एक अणू. बीटाचा रंग वेगळाच, आमसुलाचा आणखी वेगळा. तांबड्या भाजीत लोह असतं, पण ते त्या तांबडेपणात नव्हे. रंग बघून बाजार करू नका. मटण-कलेजीतलं हीम कड्यासकट आत जातं, म्हणून चहाची अडवणूक त्याला फारशी लागत नाही. आणि आमच्या खाणपट्ट्यातला जुना विनोद, "मातीतच लोखंड, मग रक्तात कमी कसं?" अरे, तो गंज आहे. तो पचत नाही.

आकडा १२ झाला की गोळ्या बंद करणारे सहा महिन्यांत परत येतात. फेरिटिनचं, म्हणजे अंगात साठवलेल्या लोहाचं, कोठार भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. तापात फेरिटिन तपासू नका, ते उगाच फुगलेलं दिसतं.

आता माझीच चूक. एका पोराचं हिमोग्लोबिन ११.६. मी आकड्याखाली लाल रेघ मारली आणि मोकळा झालो. त्याने वर्षभर लोह घेतलं, फरक शून्य. पुन्हा आला तेव्हा कुठे मी रिपोर्ट नीट वाचला. पेशीचं आकारमान ६२, लाल पेशी ६२ लाख, म्हणजे ६.२ दशलक्ष. ६२ ला ६.२ ने भागलं की १०. उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे आईबापाकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या दोषाचा, संशय घ्यावा. पुढची तपासणी केली, ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार वाढलेला, म्हणजे थॅलेसेमिया मायनरच. लोह त्याला कमी नव्हतंच. अंगात सगळं मिळून लोह तीन-चार ग्रॅम. लाल पेशी १२० दिवसांनी मोडते, तिच्यातलं लोह पुन्हा वापरात येतं, रोज बाहेर पडतं जेमतेम एक मिलिग्रॅम. जादा झालेल्याला वाट नाही. ते यकृतात, हृदयात साचत जातं. त्यामुळे 'घेऊन तर बघू' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तेव्हा स्वतःचाही आला होता.

गेल्या चतुर्थीला तोच पोरगा होणाऱ्या बायकोला घेऊन आला. "काका, हिचंही ए-टू बघा. दोघांना असेल तर आधी कळलेलं बरं." मी पट्टा काढला.