कॅनडात स्प्रे फोमचं काम: हेल्पर म्हणून येणाऱ्यांसाठी

ऑन्टारियोत नव्याने आलेली आपली बरीच पोरं विचारतात की स्प्रे फोमच्या लाइनमधे येऊ का, म्हणून प्रत्येकाला सांगतो तेच इथे लिहितोय. मी हेल्पर म्हणून लागलो होतो, आता स्प्रे करतो.

प्रकरण असं की भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबांच्या (स्टडच्या) मधे किंवा बेसमेंटच्या भिंतीवर दोन केमिकल एकत्र फवारायची, ती काही सेकंदात फुगून घट्ट होतात, झालं इन्सुलेशन. आपल्या फ्रिजच्या भिंतीत असतं, कोल्ड स्टोरेजवाले ज्याला पफ म्हणतात, त्याच खानदानातलं, पॉलियुरेथेन. ए ड्रममधे आयसोसायनेट, बी ड्रममधे पॉलिओल आणि फुगवणारा एजंट, कॅटलिस्ट वगैरे. दोन्ही निम्मे निम्मे, आणि भेटतात ती थेट गनमधेच.

फोम दोन जातीचा. ओपन सेल घनफुटाला अर्धा पाउंड, बोटाने दाबला की दबतो, इंचाला साधारण आर ३.५ च्या वर (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, जास्त तेवढं चांगलं). क्लोज्ड सेल घनफुटाला २ पाउंड, कडक, इंचाला आर ६ च्या आसपास आणि बाष्पही अडवतो. इकडच्या बेसमेंटला जास्त करून क्लोज्ड सेलच, कारण घरातली दमट हवा गार काँक्रीटला लागली की पाणी सुटतं, फोम नीट चिकटला तर ती हवा तिथवर पोचतच नाही.

नवीन पोरांना गन हातात हवी असते. पण फोम चांगला की वाईट ते निम्म्याहून जास्त ट्रकमधेच ठरतं. जानेवारीत ड्रम गार राहिला की बी घट्ट होतं, पंपाला नीट ओढता येत नाही, मग प्रमाण बिघडतं आणि भिंतीवर कुठे ठिसूळ तर कुठे चिकट फोम, शिवाय वास, आणि असा फोम दुरुस्त होत नाही, खरवडूनच काढावा लागतो. ए ला हवेतला ओलावा लागला की खडे धरतात, गन चोक. म्हणून हेल्परने ड्रमचं तापमान आणि दोन्ही प्रेशर गेज बघत राहायचं, एक काटा दुसऱ्याला सोडून पळायला लागला की ओरडायचं, स्प्रेअर कितीही खेकसला तरी.

दुसरं, जाडी. क्लोज्ड सेल एका वेळी साधारण २ इंचच मारतात, मग थांबायचं, कारण फुगताना तो आतून तापतो आणि घाईत एकदम जाड थर दिला तर आतून करपतो, आगही लागलेली आहे लोकांकडे. कस्टमर घड्याळ बघत उभा असतो, असू दे.

आता तब्येतीचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आयसोसायनेटने दमा होतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की नंतर अगदी थोडं लागलं तरी त्रास होतो, म्हणजे लाइनच सोडावी लागते. घराच्या आत स्प्रे चालू असताना बाहेरून हवा देणारा मास्क लागतो, नुसता फिल्टरचा डबा लावलेला कार्ट्रिजवाला नाही, आणि त्याच खोलीत असलेल्या हेल्परलाही लागतो (हे 'तू तर फक्त होज धरतोस' म्हणणारे खूप भेटतील). चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क असेल तर दाढी काढावी लागते. घरच्यांनाही बाहेर पाठवायचं, साधारण २४ तास, मटेरियलच्या कागदावर लिहिलेलं असतं ते बघून.

लायसन्सचं थोडक्यात: क्लोज्ड सेल मारायला इकडे यूएलसी एस७०५.२ हे स्टँडर्ड आहे, त्याप्रमाणे ट्रेनिंग आणि कार्ड लागतं, आणि स्प्रेअरला रोज डेन्सिटी आणि फोम भिंतीला किती घट्ट धरतो ते तपासून शीटवर लिहावं लागतं. हेल्पर असतानाच ती शीट भरायला मागून घ्या, कुठल्या तापमानाला कसा फोम आला ते त्यातूनच कळतं. २०२१ पासून कॅनडात जुने एचएफसी (वातावरण तापवणारे वायू) फुगवायला वापरणारे फोम बंद झालेत, त्यामुळे जुन्या स्प्रेअरने तोंडी सांगितलेली सेटिंग लावण्याआधी ड्रमसोबतची डेटाशीट बघा.

इंटरव्ह्यूला पगाराआधी विचारा की हेल्परला एअरलाइन मास्क (तोच बाहेरून हवा देणारा) देता का आणि फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्याला नीट बसतो का ती तपासणी, कोण करतं. समोरचा हसला तर दुसरीकडे अर्ज करा.