तलावकाठच्या संरक्षक भिंतीवर धबधबा बसवताना या चुका टाळा

बंदिस्त कुंडाला गळती लागली की पाण्याची पातळी उतरते आणि दोष एक-दोन दिवसांत उघडा पडतो. तलावकाठच्या संरक्षक भिंतीवर धबधबा केला, तर ही सूचना मिळतच नाही. पंप तलावातूनच पाणी उचलत राहतो, धार जराही कमी होत नाही, आणि धबधब्याला पाणी पुरवणाऱ्या वरच्या कुंडातून झिरपणारे पाणी भिंतीमागच्या भरावात महिनोन्महिने मुरत राहते. म्हणून दगडांची रचना ठरवण्याआधी या न दिसणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त करावा.

साचलेल्या पाण्याचा भिंतीवरील एकूण रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भिंतीमागे १ मीटर पाणी साचले तर दर मीटर लांबीवर सुमारे ५०० किलो वजनाइतका रेटा येतो, आणि २ मीटर साचले तर तो २,००० किलोंवर जातो. समोरच्या तलावाची पातळी झपाट्याने उतरते तेव्हा धोका सर्वाधिक असतो, कारण समोरून मिळणारा पाण्याचा आधार निघून जातो आणि मागचे पाणी मात्र जागेवरच असते. अशा भिंतीची निचऱ्याची छिद्रे शोभेच्या दगडांनी किंवा गिलाव्याने बुजवणे ही अक्षम्य चूक आहे. वरच्या कुंडाला केवळ सिमेंटचा गिलावा करणेही पुरेसे नाही. भराव थोडा जरी बसला तरी गिलाव्याला तडे जातात. कुंडात सलग, विनाजोड रबरी लायनर अंथरावे, त्याखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कृत्रिम कापड) घालावे आणि लायनरच्या कडा पाण्याच्या पातळीच्या वर उचलून घ्याव्यात.

दुसरी मोठी चूक खोदाईची. ब्लॉकच्या भिंतींत अनेकदा मागच्या भरावात जिओग्रिडचे (माती धरून ठेवणाऱ्या मजबूत प्लास्टिक जाळीचे) थर असतात आणि भिंत त्यांच्याच जोरावर उभी असते. कुंडासाठी खोदताना हे थर कापले गेले, तर भिंत वरून शाबूत दिसते, पण तिचे बळ गेलेले असते. शिवाय दीड मीटर लांब, १ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल कुंडातील पाण्याचेच वजन ७५० किलो होते. दगडांचे वजन वेगळे. मूळ आराखडा हाती नसेल, तर संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय कुदळ लावू नये. काठावरच्या बांधकामाला बहुधा परवानगीही लागते, तिची चौकशी याच टप्प्यावर करावी.

पंप निवडताना खोक्यावरचा आकडा पाहून फसगत होते, कारण तो सहसा शून्य उंचीवरचा प्रवाह असतो. पंप कितीही खोल ठेवला तरी उचल पाण्याच्या पृष्ठभागापासून सांडव्याच्या दगडापर्यंतच (ज्याच्या कडेवरून पाणी खाली पडते तो दगड) मोजावी, आणि तीही तलावाची पातळी सर्वांत खाली असतानाची. ६० सेंटीमीटर रुंदीची पाण्याची सलग चादर हवी असेल तर ताशी साधारण ९,००० ते १३,००० लिटर पाणी लागते. ताशी १०,००० लिटर पाणी ३२ मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपातून सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर वेगाने धावते आणि घर्षणातच पंपाची शक्ती खर्च होते; ५० मिलिमीटरच्या पाइपात हाच वेग १.४ मीटरवर येतो. पंप गाळावर टेकवू नये, त्याला जाळी असावी, आणि वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

पाणी पुढे झेपावण्याऐवजी भिंतीला चिकटून ओघळत असेल, तर सांडव्याच्या दगडाखाली वाकून पाहावे. पाणी दगडाच्या खालच्या अंगाला धरून मागे सरकते, सांध्यात शिरते आणि तिथून भरावात उतरते. दगड भिंतीच्या पुढे ५ ते ८ सेंटीमीटर काढून त्याच्या खालच्या बाजूला कडेलगत एक बारीक खाच पाडली की पाणी तिथेच सुटते. दीड मीटरवरून पडणारे पाणी सेकंदाला ५ मीटरहून अधिक वेगाने आदळते, त्यामुळे पायथ्याशी जिओटेक्स्टाइलवर मोठे दगड रचले नाहीत, तर पायाखालची माती धुऊन जाते.

गळतीचा संशय आल्यास पंप बंद करून पाइपाचा व्हॉल्व्ह मिटावा, अन्यथा कुंडातील पाणी पाइपातूनच परत जाऊन चाचणी फसते. पातळीवर खूण करून २४ तास थांबावे. काही मिलिमीटरची घट बाष्पीभवनाची असते. त्याहून अधिक घट म्हणजे गळती. कुंडात थोडा खाद्यरंग घातल्यावर तो निचऱ्याच्या छिद्रांतून उतरला, तर पाण्याची वाट कळते. छिद्रांतून गढूळ पाणी येत असेल, भिंतीला फुगवटा दिसत असेल किंवा मागची जमीन खचत असेल, तर भरावातील माती वाहून जात आहे असे समजावे, धबधबा तत्काळ बंद करावा आणि तपासणी होईपर्यंत भिंतीवर व तिच्या पायथ्याशी कोणालाही जाऊ देऊ नये.