मुंबईच्या घरात धिंगरीची पहिली पिशवी

भाजीवाल्याकडे प्लास्टिकच्या डबीत मिळते ती पांढरी बटण अळिंबी घरी उगवावी, असे ठरवून अनेक जण सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. बटण अळिंबीला आधी खास कुजवलेले कंपोस्ट लागते आणि पीक येण्याच्या काळात 14 ते 18 अंश सेल्सिअस तापमान सलग टिकवावे लागते. मुंबईत विजेचे बिल सोसल्याशिवाय हे जमत नाही. धिंगरी, म्हणजे शिंपल्यासारख्या पसरट छत्रीची ऑयस्टर अळिंबी, मात्र 20 ते 30 अंशांत वाढते, हवेत 80 ते 90 टक्के आर्द्रता मागते आणि साध्या भाताच्या पेंढ्यावर पोसली जाते. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत हे हवामान आपल्याला फुकटच मिळते. डिसेंबर-जानेवारीतही पीक उत्तम येते, फक्त तेव्हा हवा कोरडी असल्याने पाणी अधिक वेळा फवारावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत धिंगरीच्या वाटेला जाऊ नये, कारण अळिंबी ही बुरशीच, वाढताना ती स्वतःही उष्णता सोडते आणि ज्या पेंढा भरलेल्या पिशवीत ती वाढते तिच्या आतले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी चढते.

बियाण्याला या व्यवसायात स्पॉन म्हणतात. गहू किंवा ज्वारीचे दाणे उकडून, निर्जंतुक करून त्यांवर बुरशी वाढवलेली असते. चांगल्या स्पॉनचे दाणे पांढऱ्या तंतूंनी पूर्ण वेढलेले दिसतात आणि त्याला ताज्या अळिंबीचा वास येतो. हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, आंबूस वास आला, तर ते पाकीट घेऊ नये. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे, त्यामुळे चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. पहिल्या खेपेला एक किलो कोरडा पेंढा आणि सुमारे 100 ग्रॅम स्पॉन एवढेच घ्यावे. पाच पिशव्यांचा उत्साह पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवावा.

पेंढा सोनेरी, कडक आणि त्याच हंगामातला असावा. माझी पहिली पिशवी मी हापूसच्या पेटीतून निघालेल्या पेंढ्यावर भरली होती. तो पेंढा पोटमाळ्यावर जुलैपर्यंत पडून ओल धरून बसला होता, आणि उकळल्यावर नीट निथळू देण्याइतका धीरही मला नव्हता. नवव्या दिवशी पिशवीच्या तळाशी, जिथे बोटभर पाणी साचले होते, तिथून गडद हिरवी, नको असलेली बुरशी वर चढू लागली आणि दोन दिवसांत तिने अर्धी पिशवी व्यापली. मुंबईत धिंगरी पाण्यावाचून क्वचितच मरते. ती बहुधा जास्तीच्या पाण्याने आणि कोंडलेल्या हवेने मरते.

पेंढ्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून ते रात्रभर पाण्यात भिजवावेत. सकाळी ते पाणी टाकून द्यावे आणि मोठ्या पातेल्यात नव्या पाण्यात, वर ताटली व वजन ठेवून, साधारण 80 अंशांवर तासभर ठेवावेत. थर्मामीटर नसेल तर पाण्याला तळाशी बारीक बुडबुडे येत राहतील, पण खळखळून उकळी फुटणार नाही, इतकी आच पुरे. मग स्वच्छ धुतलेल्या चादरीवर पेंढा पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. मूठभर पेंढा जोरात पिळल्यावर बोटांमधून थेंब पडू नये, पण तळहात मात्र ओलसर व्हावा. थेंब पडला तर आणखी अर्धा तास थांबावे. सगळ्या कामात घाई महागात पडते ती याच टप्प्यावर.

भरताना पंखा बंद ठेवावा आणि हात साबणाने धुऊन सॅनिटायझर लावावा. साधारण 14 बाय 22 इंचांच्या पारदर्शक पॉलिप्रोपिलीन पिशवीत चार बोटे उंचीचा पेंढ्याचा थर दाबून द्यावा, त्याच्या कडेकडेने स्पॉन पेरावे, पुन्हा पेंढा, पुन्हा स्पॉन, असे चार-पाच थर झाले की तोंड सुतळीने बांधावे. विस्तवावर तापवलेल्या दाभणाने वीस-पंचवीस भोके पाडावीत. तळालाही पाडावीत, म्हणजे उरलेसुरले पाणी निघून जाईल. ही पिशवी अंधाऱ्या जागी, कपाटाखाली किंवा पलंगाखाली, 15 ते 20 दिवस न हलवता ठेवावी.

पेंढा पांढऱ्या तंतूंनी विणल्यासारखा घट्ट झाला की पिशवीला पाच-सहा ठिकाणी फुलीसारखे छेद द्यावेत आणि ती ड्राय बाल्कनीत किंवा चाळीच्या गॅलरीत, थेट ऊन लागणार नाही पण वर्तमानपत्र वाचता येईल एवढ्या उजेडात टांगावी. चिलटे फार होतात, म्हणून भोवती जुनी मच्छरदाणी असावी. पाणी पिशवीवर धो धो मारण्याऐवजी शेजारी टांगलेल्या गोणपाटावर फवारावे: पावसाळ्यात दिवसातून एकदा, हिवाळ्यात तीन-चारदा. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात आणि त्यांच्याकडे पाहून काय कमी पडते ते ओळखता येते. देठ लांबत जाऊन छत्री चिमुकलीच राहिली, तर हवा खेळत नाही. कोंबांच्या कडा पिवळ्या पडून सुकल्या, तर ओलावा अपुरा आहे.

छत्रीच्या कडा अजून खाली वळलेल्या असतानाच संपूर्ण झुबका देठाशी धरून, हलके पिळून काढावा. कडा वर वळल्या की पांढऱ्या भुकटीसारखे बीजाणू उडतात आणि दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांना त्यांचा त्रास होऊ शकतो. म्हणून झोपण्याच्या खोलीत पीक घेणे मला मान्य नाही. एक किलो कोरड्या पेंढ्यातून दोन-तीन तोडण्यांत मिळून 600 ते 800 ग्रॅम धिंगरी मिळाली, तर हाताला यश आले म्हणावे. पहिली तोडणी सर्वांत मोठी असते, पुढच्या आठ-दहा दिवसांच्या अंतराने येतात. ताजी धिंगरी कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी, दोन-तीन दिवसांत संपवावी आणि नेहमी शिजवूनच खावी. सुक्या खोबऱ्याच्या वाटणात ती विशेष खुलते. पीक थांबल्यावर उरलेला पेंढा नव्या पिशवीच्या आसपास ठेवू नये. तो लगेच घराबाहेर न्यावा, महिनाभर कुजू द्यावा आणि मग कुंड्यांतल्या मातीत मिसळावा.