रीसेल फ्लॅट घेताना-विकताना एजंट, वकील, सीए: कोणाला कधी गाठायचं

रीसेल फ्लॅट घ्यायचा ठरला की आपण आधी एजंट गाठतो, मग फ्लॅट आवडतो, मग टोकन, मग लोन, आणि वकील सगळ्यात शेवटी, तोसुद्धा अ‍ॅग्रीमेंट टाइप करून देणारा माणूस म्हणून. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की हा क्रम बदला, वकील टोकनच्या आधी. मी पुण्यात एक फ्लॅट घेतलाय आणि वडिलांचा एक विकलाय, त्यातून जे समजलं ते लिहितेय.

आधी एजंट. चांगला एजंट खरंच कामाचा असतो, कुठल्या बिल्डिंगला उन्हाळ्यात टँकर लागतो, कुठे पार्किंगवरून भांडणं चालू आहेत, कुठली सोसायटी रीडेव्हलपमेंटच्या चर्चेत आहे हे त्याला तोंडपाठ असतं. ब्रोकरेज साधारण 1 ते 2 टक्के, पण ते पहिल्याच भेटीत ठरवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, किती टक्के, जीएसटी धरून की वेगळा, आणि द्यायचं कधी (मी म्हणेन रजिस्ट्रेशन झाल्यावर). नवीन प्रोजेक्टमधला फ्लॅट दाखवत असेल तर एजंटचा स्वतःचा महारेरा (घरबांधणी व्यवहारांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर मागा आणि साइटवर टाकून बघा. फक्त एक लक्षात ठेवा, एजंटला पैसे व्यवहार झाला तरच मिळतात, त्यामुळे "ताई, हा घेऊ नका" हे त्याने सांगावं अशी अपेक्षा धरू नका. तो माणूस वाईट असतो असं नाही, ते त्याचं काम नाही.

माझे 51 हजार असेच गेले. शनिवारी संध्याकाळी फोन आला की उद्या दुसरी पार्टी बघायला येतेय, आत्ताच टोकन टाका, मी टाकलं, पावती नाही, काही नाही. पंधरा दिवसांनी बँकेने लोन नाकारलं कारण बिल्डिंगला कम्प्लिशन सर्टिफिकेटच (बांधकाम नियमाप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला) नव्हतं, आणि मालक म्हणाले तुमचं लोन झालं नाही यात माझा काय दोष. म्हणून सांगते, विसार पावतीशिवाय, म्हणजे टोकनच्या लेखी पावतीशिवाय, एक रुपया देऊ नका आणि त्या पावतीत ही ओळ पाहिजेच: टायटलमध्ये (मालकी हक्कात) दोष निघाला किंवा त्या कारणाने लोन नाकारलं गेलं तर इतक्या दिवसांत पूर्ण रक्कम परत. दोघांच्या सह्या, पैसे चेकने किंवा बँक ट्रान्सफरने.

आता वकील. "बँक चेक करतेच की" हे मला सगळ्यांनी ऐकवलं. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो, तो तुमचा वकील नाही, आणि त्याचा रिपोर्ट येतो तोपर्यंत तुमचं टोकन देऊन झालेलं असतं. स्वतःचा वकील करा, आणि एजंटने सुचवलेला नको. त्याला आधीच्या सगळ्या खरेद्यांची कागदपत्रं ओळीने द्या, बिल्डरने पहिल्या मालकाला विकलं तिथपासून, प्रत्येकाची इंडेक्स टू (व्यवहार रजिस्टर झाल्याचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीचे सभासद असल्याचा दाखला), कम्प्लिशन, सोसायटीचं नो ड्यूज (थकबाकी नसल्याचं पत्र). 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या सरकारी नोंदी तपासून दिलेला अहवाल) मागा, आणि शंका असेल तर पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगा.

दुसऱ्या वेळी मी हेच केलं. वकीलबाईंनी शेअर सर्टिफिकेट हातात घेतलं आणि आधी उलटं केलं, मागच्या बाजूला ट्रान्सफरच्या नोंदी असतात, कमिटीच्या सह्या-शिक्क्यांसकट. शेवटची नोंद विकणाऱ्या काकूंच्या नावाची होती, काकांच्या मृत्यूनंतरची. त्यांनी तिथे बोट ठेवून विचारलं, काकू, हे नाव नॉमिनेशनवर लागलं ना, मुलं किती? दोन मुली, एक नागपूरला, एक कॅनडात. नॉमिनी म्हणजे मालक नाही, काकांचं मृत्यूपत्र नव्हतं म्हणजे मुलींचाही हक्क होता, हे काकूंनाही माहीत नव्हतं. मग दोघींचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र झालं, कॅनडावालीची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी यायला दीड महिना गेला, आणि त्यानंतर मी विसार दिला. वकिलाची फी मला त्या एका प्रश्नात वसूल झाली.

पैशांचं गणित वकिलाकडून आधीच लिहून घ्या. पुण्यात 80 लाखांच्या फ्लॅटला 7 टक्के म्हणजे 5 लाख 60 हजार स्टॅम्प ड्यूटी, खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर 6 टक्के, सरळ 80 हजार वाचतात, नवरा-बायको जॉइंट असतील तर ही सवलत नाही. रेडी रेकनर व्हॅल्यू (सरकारी दराने येणारी किंमत) जास्त असेल तर ड्यूटी तिच्यावर. रजिस्ट्रेशन जास्तीत जास्त 30 हजार. शिवाय 50 लाखांपासून पुढे 1 टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो, आणि विकणारा एनआरआय असेल तर तो बराच जास्त लागतो, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय पहिला चेकही देऊ नका.

विकत असाल तर सीए डीलच्या आधी. विकून झालेल्या नफ्यावर (कॅपिटल गेन) टॅक्स लागतो, आणि तो नफा काढताना वडिलांकडून आलेलं घर असेल तर त्यांची खरेदी किंमत धरतात, 2001 च्या आधीची खरेदी असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत घेता येते, त्यासाठी सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढा. आमचा टॅक्स त्यामुळे खूप खाली आला. घर 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं असेल तर साधा 12.5 टक्के टॅक्स की इंडेक्सेशन (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) घेऊन 20 टक्के, हे दोन्ही मांडून बघायला सांगा. दुसरं घर घेऊन टॅक्समधली सूट घेणार असाल आणि रिटर्नच्या तारखेपर्यंत जमलं नाही तर पैसे बँकेच्या खास कॅपिटल गेन खात्यात टाकावे लागतात, साध्या एफडीत ठेवले तर सूट जाते.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी वकिलाला सोबत न्या. दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी असते, सगळे घाईत, पण फोटो-अंगठ्याच्या आधी जो डेटा एंट्रीचा कागद दाखवतात तो शांतपणे वाचा, नावाचं स्पेलिंग, पॅन, फ्लॅट नंबर, कार्पेट एरिया, पार्किंग. आमच्या कागदात विंग बीच्या जागी डी पडली होती, अंगठा द्यायच्या आधी दिसली म्हणून पाच मिनिटांत बदलली, नाहीतर चूकदुरुस्तीसाठी काकूंना आणि आम्हाला पुन्हा तिथेच उभं राहावं लागलं असतं.